बांबू झाड नाही, गवत आहे!



२७ एप्रिल २०११ रोजी मेंढा (लेखा) च्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक आलं. दिल्लीचे तेव्हाचे वनमंत्री जयराम रमेश आणि आपले तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ते द्यायला स्वतः धानोरा तालुक्यात आले. पेपरात फोटो छापून आले. तेव्हापासून आपल्या गावांत लोक एकच गोष्ट विचारू लागले : मेंढ्याला मिळालं, आपल्याला कधी?

आणि हेच विचारायला रेंज ऑफिसात गेलं की जुनंच उत्तर मिळायचं. "बांबू हे झाड आहे. झाड सरकारचं. तुम्ही मोह वेचा, चारोळी वेचा, डिंक गोळा करा, त्याला कोण नाही म्हणतं? बांबूचं नाव काढू नका."

म्हणून या अंकात बांबू झाड आहे की गवत, हे नीट उलगडून लिहीत आहे. कोणी म्हणेल, हा शिकलेल्या लोकांचा शब्दांचा खेळ आहे, आपल्याला काय करायचं? तसं नाही. या एका शब्दाच्या जोरावर १९२७ पासून २०११ पर्यंत चौऱ्याऐंशी वर्षं आपला बांबू आपल्या हातातून काढून नेला. घराच्या तट्ट्यासाठी दहा बांबू आणले तर पी.ओ.आर. फाटायचा. कोयता जप्त व्हायचा. कोर्टाच्या तारखा करता करता कोंबड्या-बकऱ्या विकाव्या लागायच्या. आणि त्याच जंगलातून कागद गिरणीचे ट्रक भरून जायचे, त्यांना नाक्यावर सलाम व्हायचा. आपला बांबू कापणं चोरी आणि गिरणीचा बांबू कापणं विकास, हा फरक कोणत्या शब्दावर उभा होता ते समजून घेऊ.

कायद्यातल्या तीन उड्या

इंग्रजांनी १९२७ साली भारतीय वन कायदा केला. तो आजही चालू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात शब्दांचे अर्थ दिले आहेत. तिथं २०१७ पर्यंत लिहिलेलं होतं की 'झाड' या शब्दात ताडमाड, बांबू, खुंट, झुडपं आणि वेत हे सगळं धरायचं. ही पहिली उडी.

त्याच कलमात 'इमारती लाकूड' म्हणजे काय तेही सांगितलं आहे. पडलेलं किंवा तोडलेलं झाड म्हणजे लाकूड. बांबू झाड ठरला, म्हणून कापलेला बांबू झाला लाकूड. ही दुसरी उडी.

आणि गौण वनउपज म्हणजे लाकूड सोडून बाकीची उपज. म्हणून बांबू गौण वनउपजात बसत नव्हता, त्यावर ग्रामसभेचा हक्क नव्हता. ही तिसरी उडी. तीन उड्यांत बांबू आपल्या कुंपणातून सरकारी डेपोत जाऊन पडला.

आता गंमत पाहा. याच दुसऱ्या कलमात वनउपजाची यादी देताना झाडं वेगळी लिहिली आहेत आणि 'झाड नसलेल्या वनस्पती' वेगळ्या लिहिल्या आहेत. या दुसऱ्या रांगेत गवत, वेली, बोरू, शेवाळ यांची नावं आहेत. म्हणजे गवत हे झाड नव्हे, एवढं कायदा लिहिणाऱ्या साहेबाला ठाऊक होतं. बोरूसुद्धा त्यानं बरोबर जागी ठेवला. बांबू तेवढा उचलून झाडांच्या रांगेत नेला. खुंटालाही तो झाड म्हणतो! खुंट म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला बुंधा, हे आपल्या शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. यावरून समजावं की ही व्याख्या वनस्पती ओळखण्यासाठी लिहिलेली नव्हती, ती वसुलीसाठी लिहिली होती.

बांधीतल्या धानाजवळ बांबू उभा करू

कायद्याचं राहू द्या. आपण आपल्या डोळ्यांनी तपासू. एका बाजूला बांधीतला धान, दुसऱ्या बाजूला साग किंवा मोह, मध्ये बांबू. तो कोणाच्या रक्ताचा, पाहू.

मूळ. मोहाचं लहान रोप उपटा. एक जाड सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसेल. धानाचं रोप उपटा. सोटमूळ नाही, बारीक तंतूंचा झुपका आहे. बांबूलाही असाच झुपका असतो. त्याच्या मुळाशी जमिनीखाली जाड गाठीगाठींचा कंद असतो. तो कंद म्हणजे बांबूचं आडवं खोड. त्याच्यावर डोळे असतात, आणि पावसाळ्यात त्या डोळ्यांतून नवे वास्ते वर येतात. धानाच्या एका रोपाला जसे फुटवे फुटून चूड तयार होतो, तशी बांबूची रांझी तयार होते. रांझी म्हणजे एका कंदाचा वाढलेला संसार.

खोड. ज्वारीचा धांडा घ्या, ऊस घ्या, धानाची काडी घ्या. सगळ्यांना पेरं आहेत आणि पेरांच्या मध्ये गाठी आहेत. बांबूलाही तेच. झाडाला साल असते, बांबूला साल नाही. झाड कापलं तर आत वर्षावर्षाची गोल वलयं दिसतात. बांबू कापून कोणी वलयं मोजून दाखवावीत. खात्यातल्या कोणाही साहेबानं दाखवावीत.

वाढ. हा सगळ्यात मोठा फरक आहे आणि हक्काच्या गोष्टीशी तोच जोडलेला आहे. सागाच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. तो दर वर्षी खोड जाड करत जातो. म्हणून साग आज मनगटाएवढा असेल तर नातवाच्या काळात कवेत न मावणारा होतो. बांबूमध्ये असा थर नसतो. वास्ता जेवढ्या जाडीचा जमिनीतून बाहेर येतो, तेवढ्याच जाडीचा तो जन्मभर राहतो. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत त्याची पूर्ण उंची होऊन जाते. आपल्याकडचा चांगला बांबू आठ ते सोळा मीटरपर्यंत जातो, तो एका हंगामात. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो फक्त पक्का होतो. त्यानंतर त्याला दहा वर्षं राखलं तरी तो सुतभर जाड होणार नाही, उलट वाळून रांझीत अडकून बसेल.

साग तोडल्यावर त्याच्या खुंटालाही फूट येते, हे खरं आहे. पण त्या फुटीला पुन्हा लाकूड व्हायला माणसाचं आयुष्य जातं. बांबूचा कंद जिवंत ठेवला तर पुढच्याच पावसाळ्यात नवा, पूर्ण उंचीचा बांबू उभा राहतो. आपले म्हातारे लोक म्हणतात, "झाड तोडलं तं सावली गेली, बांबू कापला तं जागा झाली." यातच सगळं शास्त्र आहे.

पान. मोहाच्या पानावर शिरांची जाळी असते. धानाच्या पानावर शिरा एकमेकींच्या बाजूनं सरळ धावतात, आणि पानाचा खालचा भाग काडीला म्यानासारखा गुंडाळलेला असतो. बांबूचं पान हातात घ्या. शिरा सरळ, लांब निमुळतं पातं, खाली म्यान. नव्या वास्त्यावर जे कुसळ्यासारख्या केसांचं टोपण असतं, ज्याची खाज हातभर चढते, तेही असंच म्यान.

फूल आणि दाणा. बांबूला फूल क्वचित येतं, म्हणून तरुण पोरांनी ते पाहिलेलं नसतं. म्हाताऱ्यांना विचारा. पानं झडतात, आणि काड्यांवर जागोजागी टोचणाऱ्या फुलोऱ्याचे गोल गेंद लागतात. एकेक फूल धानाच्या फुलासारखंच तुसात झाकलेलं. धानाच्या फुलात सहा पुंकेसर असतात, बांबूच्या फुलातही सहाच. आणि फळ म्हणाल तर दाणा. आंब्यासारखी कोय नाही, मोहासारखी टोळी नाही. दुष्काळात हा दाणा कुटून, शिजवून लोकांनी दिवस काढले आहेत. गवताशिवाय भात कोण देतो?

दाणा पिकला की धान मरतो. बांबूही मरतो. फरक एवढाच की धान चार-पाच महिन्यांत मरतो आणि आपला बांबू साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांनी. म्हणून त्याला बहुवर्षायू गवत म्हणतात. दाणा एकदाच, मरण एकदाच, आणि मधली सगळी वर्षं दर पावसाळ्यात नवे फुटवे.

शास्त्राच्या पुस्तकात या बांबूचं नाव डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस आहे. मराठी पुस्तकांत त्याला मानवेल म्हणतात. कुळ पोएसी, जुनं नाव ग्रॅमिनी, म्हणजे गवतांचं कुळ. धान, ज्वारी, गहू, ऊस, हरळी आणि कुसळ ही याच कुळातली भावंडं. ओढ्याकाठी जो काटेरी, जाडजूड कटांग असतो तोसुद्धा याच कुळातला. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. ज्या वनअधिकाऱ्यांनी वनस्पतिशास्त्राची परीक्षा दिली आहे, त्यांना विचारा की बांबूचं कुळ कोणतं. परीक्षेत त्यांनी 'झाड' लिहिलं असतं तर त्यांचे गुण गेले असते.

कापताना गवत, मालकीच्या वेळी झाड

खात्याचा स्वतःचा व्यवहारही हेच सांगतो. त्यांच्या कार्य आयोजनेत सागाची आणि बांबूची कापणी वेगवेगळी लिहिलेली असते. सागाला कित्येक दशकं राखायचं. बांबूचा कूप मात्र तीन-चार वर्षांनी पुन्हा कापायला काढायचा. सागाचं माप घनमीटरमध्ये, बांबूचा हिशेब नगात आणि बंडलात. बांबू कापणाऱ्या मजुरांना मुकादम सांगतो की कोवळा सोडा, जुना काढा. जगात कोणी झाडाचं कोवळं सोडून जुनं काढत बसतं का? म्हणजे कापताना ते बांबूला बरोबर गवतासारखं वागवतात. मजुरी देताना कापणाराही आपणच. फक्त विकायची वेळ आली, पैसा कोणाच्या खात्यात जायचा हा प्रश्न आला, की बांबू पुन्हा झाड व्हायचा.

आपल्याला काय मिळायचं? निस्तार. खातं देईल तेव्हा, देईल तेवढा, डेपोतून, आणि बहुतेक वेळा गिरणीनं निवडून झाल्यावर उरलेला. आपले बुरूड भाऊ सुपं, टोपल्या, डाल्या, तट्टे विणून पोट भरतात. त्यांना हिरवा, सरळ, लांब पेरांचा बांबू लागतो. डेपोत वाळून तडकलेला बांबू घेऊन कोणी सूप विणून दाखवावं. गिरणीला मात्र लांब मुदतीच्या कराराने सवलतीत बांबू. गवताचा लगदा करून कागद करणारा मोठा, आणि त्याच गवताची टोपली विणणारा चोर!

बांबू कुठं राहतो, ते आपल्याला माहीत आहे

आता बांबूच्या घराविषयी. ही गोष्ट नीट ऐका, कारण सामूहिक दाव्याच्या कागदात ती कामाला येणार आहे.

मानवेल हा कोरड्या पानगळीच्या जंगलाचा रहिवासी आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांच्या सोबत तो राहतो. डोंगराचा उतार, मुरमाड किंवा रेताड माती, पाणी पडलं की वाहून जाईल अशी जागा त्याला आवडते. पाणी साचून राहणाऱ्या खोलगट चिकण जमिनीत तो टिकत नाही. ऊन, दुष्काळ, थंडी सोसतो, उन्हाळ्यात पानं गाळून उभा राहतो. कोरड्या उतारावरचा बांबू आखूड पेरांचा आणि जवळजवळ भरीव असतो, म्हणून लाठीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला, मांडवाच्या खांबाला तो उत्तम. ओलाव्याच्या जागेचा लांब, पोकळ आणि चिरायला सोपा. कोणत्या टेकडीचा कशाला लागतो, कोणत्या नाल्याच्या वरच्या अंगाला रांझ्या दाट आहेत, हे आपल्या गावातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना पाठ आहे. नकाशावर त्या जागेला फक्त कंपार्टमेंट नंबर असतो. आपल्याकडे तिला नाव असतं.

वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलेलं पुरावा म्हणून चालतं. मग हे ज्ञान लिहून का काढू नये? कोणत्या जागेवरून किती पिढ्या बांबू आणला, त्या जागेचं आपल्या भाषेतलं नाव काय, वास्ते कुठले, तट्ट्याचा कुठला, लग्नाच्या मांडवाचा कुठला, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून लिहून घ्या, खाली अंगठा किंवा सही घ्या. बांबूच्या घराचा पत्ता सांगता येणं हा आपल्या वहिवाटीचा पुरावा आहे.

आणि हेही समजून घ्या की बांबूचं घर मोडलं की बांबू जातो. मिश्र जंगल साफ करून नुसत्या सागाच्या रांगा लावल्या की बांबू, तेंदू, मोह सगळंच उठून जातं. त्याला 'विकास' म्हणतात. कंद उपटले की पुन्हा रांझी होत नाही. ज्या खात्यानं हे डोळ्यांदेखत होऊ दिलं, त्यानं आम्हाला बांबू वाचवायला शिकवू नये.

२००६ चा कायदा काय म्हणतो

बांबू गवत आहे हे सिद्ध झालं. पण आपला हक्क फक्त त्यावर टांगलेला नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. उद्या कोणी शास्त्राचा वाद वाढवत बसला तर त्याच्या नादी लागू नका. १९९६ च्या पेसा कायद्यानं गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेला दिली, पण गौण वनउपज म्हणजे काय ते त्यात लिहिलं नव्हतं. त्या फटीतून खात्यानं बांबू काढून घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ती फट बुजवली. त्याच्या दुसऱ्या कलमात गौण वनउपजाच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे : बांबू, झुडपं, खुंट, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, कंदमुळं. बांबूचं नाव पहिलं आहे! १९२७ च्या साहेबानं 'झाड' म्हणून जी नावं घेतली होती त्यांतली बांबू, खुंट, झुडपं आणि वेत ही चारही नावं इथं गौण वनउपज म्हणून परत आली आहेत. तिसऱ्या कलमात त्यावर मालकीचा हक्क, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, गावाच्या हद्दीच्या आत असो की बाहेर. आणि चौथं कलम म्हणतं की इतर कोणत्याही कायद्यात काहीही लिहिलं असलं तरी हे हक्क मान्य आहेत. 'इतर कोणत्याही' मध्ये १९२७ चाही आला.

दिल्लीच्या मंत्र्यांनी २१ मार्च २०११ रोजी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हेच कळवलं. म्हणून मेंढ्याला मिळालेलं पुस्तक ही कोणाची मेहेरबानी समजू नका. मेंढ्याच्या लोकांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, तरी बांबूच्या पासासाठी त्यांना दीड वर्षाहून जास्त झगडावं लागलं. कायदा त्यांच्या बाजूनं पहिल्या दिवसापासून होता. मंत्री नंतर आले.

मग गवत आहे हे एवढं घसा कोरडा करून का सांगायचं? कारण कायदा बदलला तरी ऑफिसातल्या माणसाच्या डोक्यातला जुना शब्द बदललेला नाही. तो शब्द खोटा आहे हे आपल्याला तोंडावर सांगता आलं पाहिजे.

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप : "गौण म्हणजे किरकोळ. बांबूचा धंदा मोठा आहे, तो किरकोळ कसा?" उत्तर : गौण हा शब्द तुम्हीच ठेवला. कायद्यात गौण वनउपजाचा अर्थ पैशावरून ठरत नाही, यादीवरून ठरतो. तेंदूपत्त्याचा धंदा काय लहान आहे? तोही त्याच यादीत आहे. जोपर्यंत पैसा नव्हता तोपर्यंत आदिवासीचं, पैसा दिसला की सरकारचं, हा न्याय आता चालणार नाही.

दुसरा आक्षेप : "लोकांच्या हाती दिलं तर बांबू संपवतील." उत्तर : इतकी वर्षं तुमच्या हाती होता. ठेक्याच्या कापणीत रांझ्या कशा उलट्यापालट्या होतात ते आम्ही मजूर म्हणून पाहिलं आहे. ठेकेदाराला पुढच्या पावसाळ्याशी देणंघेणं नाही, कारण त्याची पोरं इथं वास्ते खायला येणार नाहीत. आमची येणार आहेत.

तिसरा आक्षेप : "नियमांत लिहिलं आहे की गौण वनउपज डोक्यावर, सायकलवर किंवा हातगाडीवर न्यावं." हा नियम २००८ च्या नियमांत होता, हे खरं; २०१२ साली तो बदलला. चाळीस फुटी बांबूंची मोळी सायकलवर बांधून जंगलाच्या पायवाटेनं नेऊन दाखवावी, आम्ही टाळ्या वाजवू. मूळ कायदा विकण्याचा हक्क देतो आणि नियम तो हक्क सायकलला बांधत होता. हा नियम बदलणं भागच होतं. ट्रक-ट्रॅक्टर गिरणीसाठी आणि सायकल आदिवासीसाठी, हे मान्य नव्हतं.

आता आपल्या माणसांना

एक गोष्ट आपल्या घरातही बोलली पाहिजे. काही पोरं म्हणून राहिली आहेत, "गवत आहे ना? मग लावा विळा." अशानं आपणच खात्याचं म्हणणं खरं करू. गवत आहे म्हणून ते परत येतं, पण कंद जगला तरच. गाईनं चारा खावा तसा बांबू खाता येत नाही. आणि काही गावांत ठेकेदार पुढाऱ्याला हाताशी धरून 'ग्रामसभेच्या नावानं' कापणी करायला टपले आहेत. मालक बदलला आणि लूट तीच राहिली तर लढून काय मिळवलं?

बांबूचा स्वभावच आपल्याला नियम सांगतो. ग्रामसभेत बसून खालचे नियम ठरवा, आपल्या गावाप्रमाणे त्यात भर घाला :

१. यंदाचा आणि गेल्या वर्षाचा बांबू कापायचा नाही. तीन पावसाळे झालेलाच काढायचा. पुढच्या वास्त्यांना बळ देणारा आणि आधार देणारा हाच कोवळा बांबू असतो.

२. पावसाळ्यात कापणी बंद. वास्ते फुटायच्या दिवसांत रांझीत पाय टाकला तर कोंब मोडतात.

३. कापताना जमिनीपासून वीत-दीड वीत वर, गाठीच्या जरा वर, एका घावात कापायचं. खाली ठेचून ठेवलं तर पाणी मुरून कंद कुजतो. कंद कोणीही खणायचा नाही.

४. रांझी कधीही साफ करायची नाही. एका बाजूनं वाट करून आतला जुना बांबू काढायचा, बाहेरच्या कडेला नवे येतात ते राखायचे. वाळलेले, वाकडे, अडकलेले आधी काढायचे.

५. जंगलाचे भाग पाडायचे. एक भाग एका वर्षी, पुन्हा त्याच भागात तीन-चार वर्षांनी.

६. वास्ते खायला काढायचे ते घरच्या भाजीपुरते. एका रांझीचे सगळे काढायचे नाहीत. बाजारात पोतीच्या पोती न्यायची नाहीत.

७. ज्या वर्षी बांबू फुलेल त्या वर्षी ग्रामसभेनं तातडीनं बसायचं. दाणा पडू द्यायचा, मेलेला बांबू नंतर काढायचा. पडलेल्या दाण्यातून रोपं उगवली की तो भाग काही वर्षं चराईला बंद आणि आगीपासून राखायचा. ती रोपं जनावरांनी खाल्ली किंवा वणव्यात गेली तर एका पिढीचा बांबू गेला.

८. बुरूड भावांना आणि घरवापराला आधी. विक्री त्यानंतर. विक्रीचा भाव ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरेल, पैसा बँकेत ग्रामसभेच्या खात्यात जाईल, हिशेब वाचून दाखवला जाईल. बायकांची सही नसलेला ठराव ठराव नाही.

वनहक्क कायद्यानं आपल्याला जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचाही हक्क दिला आहे. वरचे नियम म्हणजे तोच हक्क वापरणं आहे. खात्याच्या कार्य आयोजनेला आपलं उत्तर हेच.

या महिन्यात करायची कामं

ज्या गावांचा सामूहिक दावा अजून गेलेला नाही, त्यांनी बांबूच्या जागांची नावं घालून तो तयार करा. ज्यांचा दावा गेला आहे त्यांनी तालुक्याला पोच मागा, पोच नसेल तर पुन्हा द्या. ज्यांना हक्कपत्र मिळालं आहे त्यांनी ग्रामसभेचा ठराव करून वाहतूक पासाच्या पुस्तकाची लेखी मागणी करा, आणि त्यात 'बांबू हे गौण वनउपज आहे' हे वाक्य कायद्याचं कलम टाकून लिहा. तोंडी उत्तर घेऊन कोणी परत येऊ नये. साहेब 'झाड आहे' म्हणाले तर त्यांना सांगा, "तेवढं कागदावर लिहून सही करून द्या." बघा कोण देतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपले नियम लिहून आणावेत. वास्ते वर आले आहेत. त्यांना उंच व्हायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या दिवसांत आपले ठरावही उभे राहिले पाहिजेत.

बांबू आमचा, जंगल आमचं, राखणारे आम्हीच!

जोहार. जय सेवा.

— संघटनेचा एक कार्यकर्ता